कंधारे बाईंचा कासरा

कंधारे बाई रस्त्यात ओळख देत नसत.

उरवड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोरून कुणी आलं, "काय बाई, बरं हाय का?" म्हणालं, तरी बाई खाली बघत, स्वतःच्याच पायांवर पहारा ठेवल्यासारख्या, सरळ पुढे जायच्या. थोडं पुढे गेल्यावर थांबायच्या, कुणाच्या तरी कुंपणाला हात टेकायच्या आणि मग मान वळवून म्हणायच्या, "बरं आहे." तोवर विचारणारा वळणापलीकडे गेलेला असायचा. लोक म्हणायचे, शिकल्याली बाई, गर्व लई. आणखीही एक म्हणायचे, पण ते आवाज खाली आणून. ते पुढे येईलच.

बाई गेल्या तेव्हा आमच्या कामगार गटातलं कुणीतरी म्हणालं, एक श्रद्धांजलीचं पत्रक काढू. मी नको म्हणाले. एक तर पत्रकांचा मला आता थकवा आलाय. आणि बाईंनी माझ्या प्रत्येक पत्रकावर लाल रेघा मारल्या होत्या, याच्यावरही मारल्या असत्या. 'झुंजार'वर एक, 'अखेरच्या श्वासापर्यंत'वर दोन. तेव्हा हे पत्रक नाही. यात मागण्या नाहीत.

बाई पुण्यात फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरांना शरीराचं काम कसं चालतं ते शिकवायच्या. आयुष्यभर तेच केलं. निवृत्त झाल्यावर गावी उरवड्यात आल्या आणि भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. भावाच्या भातखाचरांवर तोवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या आणि घराच्या पुढच्या अंगाला भाडेकरूंच्या खोल्या. लग्नाचं कुणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणायच्या, जणू बँकेत जायचं राहून गेलं. दारामागच्या खुंटीला बैलाचा जुना कासरा टांगलेला. घरात बैल नाही, गोठा नाही, गोठ्याच्या जागी कुणाची तरी बाईक. कासरा मात्र होता.

मी पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊनच. गावातल्या एका शेडमध्ये लोखंडी ओतीव भाग ग्रायंडरवर घासायचं काम चालायचं. दिवसभर थरथरतं मशीन हातात धरायचं. पोरांची बोटं पांढरी पडायची, मुंग्या यायच्या, घरी गेल्यावर शर्टाची बटणं बायका काढून द्यायच्या. मी मोठ्या टायपात शीर्षक दिलं होतं: 'कामगारांच्या हातांचं भान मेलं! मालक, जागे व्हा!' कुणीतरी सांगितलं, डॉक्टरीतलं कळणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना दाखव.

बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग लाल पेन काढलं.

"भान मेलं? तपासलंस?"

"बाई, तुम्ही त्यांची बोटं बघा..."

"बोटांचं खरं आहे. बोटातलं रक्त आणि बोटातल्या बारीक नसा, तो आजार वेगळा, तो लिही. पण हात कुठे आहे याचं भान मेलेलं नाही. ते खोटं बोलतंय. मेलेला आणि खोटं बोलणारा यात फरक असतो की नाही? तू तर चळवळीतली."

मला राग आला. आमच्या मीटिंगमध्ये असा फरक कुणी करत नाही. पण बाई उठल्या होत्या. खुंटीवरचा कासरा काढून त्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"स्नायूच्या मांसात मधे मधे चाती असते. सूत कातायची चाती बघितलीस? कुठून बघणार. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती. लांबीला तांदळाच्या दाण्याएवढी, जाडीला दोरा. वरून पातळ पिशवी, आत पाणी, पाण्यात थोडेसे नाजूक तंतू. काही तंतूंच्या पोटात केंद्रकं जत्रेतल्यासारखी गोळा झालेली, काहींच्यात रेशनच्या रांगेत उभी. आणि मधोमध नसेचे वेढे. स्नायू ताणला की चाती ताणते, वेढे फाकतात, आणि नस मणक्याला कळवते, एवढा ताणलो, एवढ्या वेगानं ताणलो. गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो तो त्या निरोपामुळे. डोळे मिटून तू घास तोंडातच घालतेस, कानात नाही, तेही बरंचसं त्यामुळेच."

मी कासरा धरून उभी. बाईंनी दुसरं टोक ओढलं.

"आता मी बैल. ओढलं की कळतं ना? आता मी मागे आले." कासऱ्याला झोळ पडला. "काय कळतं बैलाचं?"

"काहीच नाही."

"म्हणजे स्नायू आखडला की चाती ढिली पडणार आणि मुकी होणार. मग काय करायचं? कासरा आवरून घ्यायचा. चातीच्या दोन्ही टोकांना आखडता येतं, आणि तेवढ्यासाठी मणक्याकडून वेगळी बारीक नस येते. आमचे अण्णा भाताच्या चिखलणीत बांधावरच्या माणसाशी बोलायचे, नजर त्याच्याकडे, आणि हात आपला कासरा आवरतोय, सोडतोय. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, मी कुठं काय केलं? बैलाच्या खांद्यातही हेच चाललंय आणि अण्णांच्या दंडातही हेच. देवानं भेद केला तो बेडकाशी. त्याच्या चातीला वेगळी नस नाही, मोठ्या स्नायूच्या नसेलाच फाटा फुटतो."

बेडकांशी बाईंचा जुना हिशोब होता. कॉलेजात प्रॅक्टिकल बेडकांवरच चालायची. पावसाळ्यात उंबऱ्यात बेडूक येऊन बसला की बाई झाडू बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "या साहेब. तुमच्या खापरपणजोबांच्या पायावर माझी नोकरी झाली. बसा हवं तितकं." आणि खरंच तो जाईपर्यंत दार उघडं ठेवायच्या. डास चावायचे ते आम्हाला.

बाईंच्या पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी रबरी हातोडी. खुर्चीत कुणीही पाय सोडून बसलेला दिसला की त्याच्या गुडघ्याखाली टक्क. एकदा सरपंच गणपतीची वर्गणी मागायला आले आणि बसल्या बसल्या त्यांचा पाय उडाला. बाई म्हणाल्या, "गुडघा चांगला आहे. बाकीचं मला सांगता यायचं नाही." सरपंचांनी पावती फाडली आणि पुन्हा कधी बसले नाहीत, उभ्यानंच वर्गणी न्यायचे.

आणखी एक सवय मला विचित्र वाटायची. बाई तोंड धुताना एका वेळी अर्धंच धुवायच्या. एक हात भिंतीला, एक डोळा उघडा. मग दुसरी बाजू. मी विचारलं तर म्हणाल्या, "सवय." मी सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांच्या असतात सवयी.

मग लक्ष्मणचं झालं.

लक्ष्मण वरच्या डोंगरातल्या वाडीवरचा. आधी रानातलं विकायचा, मग रोजानं भात लावायचा, मग भात लावायला जमीन उरली नाही म्हणून शेडमध्ये. शेडची पद्धत अशी की ग्रायंडरचं काम संपलं की हात न पुसता तोच माणूस शेजारच्या, पत्रा दाबून कापायच्या प्रेसवर बसायचा. एका माणसात दोन माणसांचं काम. चहाची सुट्टी या बदलाच्या कितीतरी आधी होऊन गेलेली. प्रेसची, हात आत जाऊ न देणारी जाळी मालकानं काढून ठेवलेली, काम भराभर होतं म्हणून. लक्ष्मणनं पत्रा सरकवला, हात बाहेर आला असं समजून पायानं पेडल दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं शेंड्याला गेली.

सुपरवायझर म्हणाला, पिऊन आला होता.

हा शब्द बोटांपेक्षा महाग पडला. लक्ष्मण पूर्वी प्यायचा, वाडीला माहीत होतं. बायकोनं, शेवंतानं, त्याला सोडवलं होतं आणि बजावलं होतं, पुन्यांदा पेलास तर पोरं घिऊन जाईन. शब्द वाडीवर पोचला आणि ती पोरं घेऊन आईकडे गेली. मी चिडून पत्रकाचा मसुदा घेऊन लक्ष्मणला बाईंकडे नेलं. त्याचा हात फडक्यात गुंडाळलेला. तो पायरीवर बसला, आत येईना.

"म्या पेलो न्हवतो वो बाई. पोरांची आन. हात हितं हाय असं वाटलं, पर हात तितं हुता."

"परत सांग."

"आता काय सांगू? हात माजा, पर मला हितं घावला, आन हुता तितं."

बाईंनी चष्मा लावला. माझा मसुदा घेतला. त्यात रक्त, शोषण, नफेखोरी सगळं होतं. त्यांनी सगळ्यावर रेघ मारली आणि खाली तीन ओळी लिहिल्या. प्रेसला जाळी लावा. चहाची सुट्टी ग्रायंडर आणि प्रेसच्या मधे घ्या. 'पिऊन आला होता' हा शब्द मागे घ्या.

"चहा?" मी म्हणाले. "बाई, माणसाची बोटं गेली आणि आपण चहा मागायचा?"

"थरथरीनं बिघडलेलं भान थोडं थांबलं की बरंचसं जागेवर येतं. थांबायला दिलं तर. तुला क्रांती हवी असेल तर ती चहानंतर कर."

आणि म्हणाल्या, मालकाशी बोलणं होईल तेव्हा लक्ष्मणच्या बायकोला आणायचं. मी म्हटलं, तिचा काय संबंध? "तिचाच संबंध आहे. आपण सगळे उपरे."

बैठकीच्या आदल्या दिवशी बाई सलूनमध्ये गेल्या. डोक्याला मसाज करायचं ते थरथरणारं मशीन मागितलं. सलूनवाला हसायला लागला. "बाई, कुनाचं डोकं चोळायचंय?"

"मालकाचं. पण कोपरापासून सुरुवात करणार आहे."

शेडच्या कॅन्टीनमध्ये बैठक झाली. मालक भूगावच्या बंगल्यातून गाडीनं आलेला, पांढरा शर्ट, वागायला गोड. सुपरवायझर त्याच्या मागे उभा. भिंतीला कामगार. शेवंता दाराशी, पदर घट्ट ओढून, लक्ष्मणकडे पाठ करून. मी बोलायला उभी राहणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तू बस."

मग मालकाला म्हणाल्या, "उजव्या हाताच्या बोटांनी नाकाचा शेंडा धरा. डोळे मिटा. घाबरू नका, मसाज आहे."

मालकाला गंमत वाटली. त्यानं नाक धरलं. बाईंनी मशीन चालू करून त्याच्या कोपराच्या वळणात, दंडाची शीर जिथे जाड लागते तिथे, टेकवलं. कॅन्टीनमध्ये फक्त घर्र घर्र. जरा वेळ काहीच नाही. मग मालकाच्या कपाळाला आठी पडली.

"अहो... हे काय होतंय?"

"काय होतंय?"

"नाक... नाक पुढं चाललंय माझं. लांब होतंय!"

भिंतीपाशची पोरं अशी हसली की चहाचे ग्लास हलले. एक जण ओरडला, "धरा धरा, प्रेसमदी जाईल!" मालकानं डोळे उघडले, नाक चाचपलं, तोही हसला. बाई हसल्या नाहीत.

"हात हलला का तुमचा?"

"नाही."

"थरथरीमुळे दंडातल्या चात्यांनी कळवलं की दंड ताणतोय, म्हणजे हात लांब जातोय. हात तर नाकाला धरलेला. मग मेंदूनं हिशोब जुळवला, नाक वाढलं. तुम्ही प्यायलात का?"

बाईंनी मशीन बंद केलं.

"मसाजच्या मशीननं एवढ्यात असं होतं. यांच्या हातात दिवसभर ग्रायंडर असतो."

आणि मग बाईंनी जे केलं ते मला अजून पचलेलं नाही. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी लक्ष्मणच्या हाताचं नक्की काय झालं, हे यावरून सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं, की न पिता माणसाला आपला हात भलतीकडे वाटू शकतो."

मालकाला तेवढंच हवं होतं. "बघा, मॅडमच म्हणतायत सिद्ध होत नाही." मी दात ओठ खात बसले. जिंकलेली बैठक बाईंनी आपल्या हातानं सांडली, असं मला वाटलं.

तेवढ्यात दाराशी शेवंता बोलली. "मला करा."

बाईंनी तिला बाकावर बसवलं. दोन्ही कोपरं टेबलावर, हात वर. डोळे मिटायला लावले. मशीन एका दंडाला. "हा हात जिथं हाय असं वाटतंय, तितं दुसरा नेऊन ठेव." बाई तिच्याशी गावच्या बोलीत बोलत होत्या. शेवंताचा मोकळा हात हळूहळू पुढे कलला, आणखी कलला, जवळजवळ टेबलाला टेकला. "झालं? उघड डोळं."

ती बघत राहिली. एक हात उभा, एक आडवा. दोन्ही तिचे. तिनं उभ्या हाताला आडव्या हातानं हात लावून बघितला. मग पहिल्यांदा नवऱ्याकडे वळली, त्याच्या तोंडाकडे नाही, फडक्याकडे.

"चला," म्हणाली. "पोरं आईकडनं आनायची हायेत."

आमच्या हिशोबानं तो पराभवच. लक्ष्मणला कामावर परत घेतलं नाही. सुपरवायझर जाता जाता पुटपुटला, "बरं, नसंल पेला," तेही मालकानं डोळे वटारले म्हणून. जाळी बसली. काही महिन्यांनी पुन्हा निघाली. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा बसली. आता आहे की नाही, मला विचारू नका. लक्ष्मण भूगावला एका बिल्डरच्या प्लॉटवर वॉचमन आहे, शेवंता तिथेच विटा वाहते. चहाची सुट्टी मात्र हलली ती हलली. नवीन पोरांना वाटतं ती पहिल्यापासून तिथेच आहे. आमच्या इतक्या वर्षांच्या पत्रकांतून टिकलेली एकमेव गोष्ट म्हणजे एक चहा.

मला राग यायचा, आणि रागाचा आता शीण येतो. पण बाईंना मी भांडून विचारलं होतं, "सिद्ध होत नाही असं कशाला बोललात?"

"कारण होत नाही."

"त्याच्या बाजूनं बोलायला काय बिघडलं असतं?"

"शेवंतानं विश्वास ठेवला नसता. ज्याला सगळंच माहीत असतं त्याच्यावर ती ठेवत नाही. तुझ्यावर ठेवला का?"

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे असताना वीज गेली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अंधार झाला तशा त्या कलल्या, दारूडा कलतो तशाच, आणि त्यांचा हात भिंतीवर काहीतरी शोधत गेला. मी मोबाइलची बॅटरी लावून त्यांच्या तोंडावर धरली.

"तोंडावर नको. पायावर धर."

मी पायावर धरली. बाईंनी पाय बघितले आणि सरळ झाल्या. मग मला भिंतीवर दिसलं. दारामागच्या खुंटीवरचा कासरा आता तिथे नव्हता. पलंगापासून मोरीपर्यंत खिळ्यांना तो ताणून बांधला होता, कमरेच्या उंचीवर. बाईंनी तो धरला होता.

"रक्तातली साखर," त्या म्हणाल्या. "पायातल्या चात्या असतील शाबूत, पण त्यांचा निरोप आणणाऱ्या नसा गेल्या. घोट्याचा झटका आधीच गेला होता, परवा गुडघ्याचाही उडेना. डोळे मिटले की पाय कुठे आहेत ते मला कळत नाही. बघितलं तर आहेत. मान वर केली की मी पडले."

अर्धं अर्धं धुतलेलं तोंड. रस्त्यात न दिलेली ओळख. सगळं एकदम माझ्यापुढे आलं.

"गावात काय म्हणतात ते ऐकलंयस ना?"

ऐकलं होतं. म्हातारी झोकांड्या खाते. कॉलेजात होती ना, घेत असंल. खुद्द भावजय म्हणायची.

"बाई, मग सांगत का नाही लोकांना?"

"सांगते की. पण सांगायला थांबावं लागतं. आधी आधार बघायचा, मग मान वर करायची. तोवर माणसं पुढे गेलेली असतात." कासऱ्यावरचा हात त्यांनी जरा सरकवला. "तो शब्द एकदा चिकटला की माणसानं सरळ चालूनच दाखवावं लागतं. आणि चालणंच तर जमत नसतं."

लक्ष्मणचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही.

पुढे भाच्यानं, भावाच्या मुलानं, उरलेली जागाही विकली आणि बाईंना मारुंजीला आपल्या फ्लॅटवर नेलं. मी एकदाच गेले. लिफ्ट, चकचकीत फरशी. अशी फरशी की खाली बघितलं तर पायांआधी छतातले दिवे दिसावेत. बाई भिंतीला धरून चालत होत्या. कासरा पलंगाखाली पिशवीत होता. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असा त्या घराचा नियम. "भाचा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यानं बैल बघितलेला नाही." मी तिथल्या तिथे भाच्याशी भांडायला निघाले तर म्हणाल्या, "बस. दमलीस तू. तुझा गुडघा दाखव." टक्क. पाय उडाला. "अजून चालशील."

निघताना, नको नको म्हणत असताना, मला सोडायला खाली आल्या. मी पार्किंगमधून गाडी काढली, गेटपाशी वळले आणि मागे बघितलं. बाई उभ्या गाड्यांच्या मधून येत होत्या, नजर पायांवर. मी हात केला. त्यांना दिसला नसणार. माझ्या गाडीच्या मागे पाण्याच्या जारचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवायला लागला. ड्रायव्हर ओरडला, "ओ मॅडम, साइड दो ना!"

बाई थांबल्या. डावा हात लांब करून त्यांनी खांब शोधला, बोटं त्याच्यावर नीट टेकली. पाय थोडे फाकवले. खाली बघून ते जागेवर आहेत ना, याची खात्री केली. मग मान वर केली, गेटमधल्या गर्दीत मला हुडकलं आणि उजवा हात उचलला.

टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. बाईंचा हात खाली येईपर्यंत मी गाडी हलवली नाही.